रोजकीर्द आणि खतावणी

गोष्टी ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने त्यांची नोंद ठेवणे म्हणजे प्रामाणिकपणा, असे आपण सहसा मानतो. हा समज कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी एक अगदी आजचे उदाहरण घेतो.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक आपल्या कामाच्या नोंदी 'गिट' नावाच्या प्रणालीत ठेवतात. लिनस टोरव्हाल्ड्‌स यांनी ती २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचली. मजकूर बदलला की एक नोंद, म्हणजे 'कमिट', करायची आणि काय व का बदलले ते सोबत लिहायचे. माझ्या कादंबरीची प्रकरणे मीही अलीकडे तिच्यातच ठेवतो. गिटहब डेस्कटॉपसारख्या साधनात या नोंदी पडद्यावर एकाखाली एक दिसतात. एक नोंद माउसने उचलून दुसरीवर सोडली की दोहोंची एक होते. दोन नोंदींच्या मध्ये सोडली की क्रम बदलतो. सकाळची चूक आणि दुपारची दुरुस्ती मिळून एकच निर्दोष नोंद उरते. ही लबाडी नव्हे काय?

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा लिहीत; खतावणीत तोच खातेवार लावीत. खतावणीला कोणी खोटी म्हणत नसे, कारण ती वाचणाऱ्याच्या सोयीची असे. आवरलेल्या इतिहासाचेही तसेच आहे. हजार नोंदींत दोष कोठे शिरला हे शोधताना गिट मधली नोंद तपासायला देते, मग उरलेल्या निम्म्यांतली मधली; अशा दहाएक तपासण्यांत दोष सापडतो. वाटेत अर्धवट, न चालणाऱ्या नोंदी असल्या की हा शोध अडखळतो.

तरीही एक मर्यादा आहे. प्रत्येक नोंदीची खूण तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या खुणेवरून काढलेली असते. एक बदलली की पुढच्या सगळ्या बदलतात. नोंदी माझ्यापाशी आहेत तोवर कोणाचे बिघडत नाही. पण दुसऱ्याने त्यांवर आपले काम उभारले असेल, तर मी त्याच्या पायातला चिराच काढून घेतो. म्हणून दुसऱ्याच्या हाती गेलेला इतिहास बदलू नये, असा जाणत्यांचा संकेत आहे.

एवढ्याने माझे समाधान होत नाही. खतावणी झाली म्हणून पेढीवर रोजकीर्द जाळीत नसत. गिटची रोजकीर्द मात्र अल्पायुषी. आवरताना गळालेल्या नोंदींचा माग, कोणी नियम बदलला नसेल तर, ती साधारण ३० दिवस आपल्याच यंत्रावर ठेवते. मग केर निघाला की त्या जातात. वर्गात मी मुलांना गणिताचे कच्चे काम खोडू देत नाही. मूल कोठे चुकीचे वळले, हे तेथेच दिसते.

तेव्हा काय पुसावे, हे पाहिले पाहिजे. टंकनाचा दोष पुसल्याने कोणाचे काही जात नाही. पण तीन दिवस चालून एखादी वाट बंद निघाली, तर ती बातमी मागून येणाऱ्याच्या हक्काची आहे. आपण अचूक दिसावे म्हणून ती पुसली, तर त्याचेही तीन दिवस आपण घेतो. चार नोंदींची खुशाल एक करावी. मात्र 'या वाटेने गेलो होतो, पुढे रस्ता नाही' ही ओळ तिच्यात राहिली पाहिजे.