रयतेने ठेवलेली नावं

1086 सालच्या जुलैत डेन्मार्कचा राजा चौथा क्नूद जीव वाचवण्यासाठी ओडेन्से गावातल्या लाकडी चर्चमध्ये शिरला. बंडखोर पाठोपाठ आत आले आणि त्यांनी त्याला तिथेच संपवलं. राग जड करांचा आणि दंडांचा होता. आदल्या वर्षी इंग्लंडच्या स्वारीसाठी म्हणून गोळा केलेलं आणि नुसतंच तिष्ठत ठेवलेलं आरमार, त्याचाही होता. पुढे भाऊ ओलुफ गादीवर आला आणि नेमकी त्याच्याच कारकिर्दीत पिकं बुडू लागली. हा राजहत्येचा कोप आहे, असं धर्मगुरूंनी सांगितलं. मेलेल्या क्नूदला संतपद मिळालं. त्याची हाडं ओडेन्सेच्या कॅथेड्रलमध्ये आजही काचेआड पाहायला मिळतात. जिवंत ओलुफच्या वाट्याला आलं ते ‘ओलुफ हुंगर’ हे नाव. हुंगर म्हणजे भूक. आपण अस्मानी आणि सुलतानी निदान वेगवेगळी मोजतो. डेनिश लोकांनी अस्मानीचं बिलही सरळ सुलतानाच्या नावावर फाडलं.

डेन्मार्कच्या मध्ययुगीन राजांची यादी वाचताना हीच गंमत येते. पहिला, दुसरा, तिसरा हे आकडे नंतरच्या लोकांनी सोयीसाठी चिकटवलेले. गादीवर एरिकांचीच इतकी गर्दी, की ओळखायला टोपणनावाशिवाय इलाज नव्हता. एक एरिक ‘एयेगोद’, म्हणजे सदा भला. दुसरा ‘लाम’, म्हणजे कोकरू. आणि 1241 मध्ये गादीवर आलेला चौथा एरिक ‘प्लोपेनिंग’. प्लो म्हणजे नांगर, पेनिंग म्हणजे पैसा. लष्करी मोहिमांसाठी त्याने दर नांगरामागे कर बसवला, तेव्हा आपल्या भाषेत तो ‘एरिक नांगरपट्टी’ झाला. स्कोने प्रांतातल्या शेतकऱ्यांनी या करावरून बंड केलं. ते त्याने मोडलं. नाव मात्र मोडता आलं नाही. पावणेआठशे वर्षं झाली, डेनिश शाळेतल्या पोराला त्याची ओळख होते ती या वसुलीच्या पावतीवरूनच.

त्याचा शेवटही सांगण्यासारखा आहे. 1250 च्या ऑगस्टमध्ये तो श्लेस्विगला भाऊ आबेल याच्याकडे पाहुणा म्हणून गेला. तिथे त्याला पकडून होडीत घातलं, श्लाय खाडीत नेऊन डोकं उडवलं आणि धड पाण्यात टाकलं. यात आपला हात नाही, अशी शपथ आबेलने 24 सरदारांना साक्षीला घेऊन वाहिली आणि तो राजा झाला. बायबलमध्ये आबेल हा मारला गेलेला भाऊ आणि केन हा मारणारा. नावाने आबेल, करणीने केन, एवढंच लोक बोलले. चोवीस सरदारांची शपथ आज अभ्यासकांच्या टिपांत सापडते, लोकांचं बोलणं मात्र सगळ्यांना पाठ आहे.

या टोपणनावांकडे केवळ चेष्टा म्हणून पाहणं मला पटत नाही. ज्यांच्याकडे ना लेखणी होती ना दरबारात जागा, त्यांच्या हातात राजाचा हिशेब ठेवण्याचं हे एक साधन होतं. नावं ठेवणं हा आपल्या भाषेत दोष काढण्याचाच एक प्रकार आहे, हे इथे अगदी चपखल बसतं. पण ही न्यायबुद्धी निर्मळ होती असंही नाही. ओलुफने काही पाऊस अडवला नव्हता. पाचव्या एरिकला ‘क्लिपिंग’ म्हणजे कातरलेला म्हणत. त्यात रोख कातरलेल्या नाण्यावर होता की लोकर कातरलेल्या कातड्यावर, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. कौतुक दोन्हींत नाही. 1286 च्या नोव्हेंबरमध्ये फिंडरुपच्या एका कोठारात तो झोपेत मारला गेला. अंगावर 56 जखमा होत्या असं सांगतात. खुनी कोण, हे आजतागायत नक्की ठरलेलं नाही. दरबाराने स्टिग आंडरसन आणि इतर सरदारांना दोषी धरून देशाबाहेर घालवलं, आणि त्याच स्टिगला लोकगीतांनी नायक करून ठेवलं.

आता स्वतःचं नाव स्वतःच कोरून ठेवणाऱ्याची गोष्ट. येलिंग गावी हाराल्ड राजाने दहाव्या शतकात उभारलेली शिळा आहे. वजन दहाएक टन, एका बाजूला सापाशी झुंजणारा पशू, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त, आणि रूण लिपीत मजकूर: आईवडिलांचं स्मारक हे निमित्त, पण मुद्दा असा की याच हाराल्डने सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला नि डेन लोकांना ख्रिस्ती केलं. आपल्याच कर्तृत्वाचा फलक आईबापांच्या नावाने लावण्याची कला त्याला साधली होती, आणि ती त्याच्याबरोबर संपलीही नाही. पुढे मुलगा स्वेन याने बंड केलं आणि सगळ्या डेन्मार्कचा हा विजेता परागंदा होऊन मेला. शिळेवर अर्थातच यातलं काही नाही. ‘ब्लोटान’, निळा दात, हे त्याचं टोपणनावही शिळेवर नाही. लिखाणात ते बाराव्या शतकात दिसतं. बहुधा एक दात किडून काळा पडला असावा.

त्या दाताचं पुढे काय झालं, ते खिशात मोबाइल असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 1997 मध्ये इंटेल, एरिक्सन वगैरे कंपन्या बिनतारी जोडणीसाठी एकत्र येत होत्या. इंटेलचे अभियंते जिम कार्डाक यांनी व्हायकिंगांवरच्या वाचनातून ‘ब्लूटूथ’ हे कामचलाऊ नाव सुचवलं: हाराल्डने टोळ्या जोडल्या, आपण यंत्रं जोडू. पक्कं नाव नंतर ठरायचं होतं. त्यासाठी निवडलेली नावं कायद्याच्या आणि व्यापारचिन्हांच्या कचाट्यात अडकली आणि कामचलाऊ तेच टिकलं. ब्लूटूथचं चिन्ह म्हणजे हाराल्डच्या आद्याक्षरांचे दोन रूण एकमेकांत गुंतवलेले. दहा टन दगडावर जे नाव कोरलं नव्हतं, ते रिक्षावालाही रोज दहादा घेतो.

हाराल्डचा नातू क्नूद, इंग्रजांचा कॅन्यूट, याच्यावर मात्र भाषेने उघड अन्याय केला आहे. 1016 मध्ये इंग्लंड जिंकलं, पुढे डेन्मार्क आणि नॉर्वेही त्याच्या हाती आले. 1018 मध्ये त्याने इंग्लंडकडून 72,000 पौंड चांदी वसूल केली आणि लंडनकडून वेगळे 10,500. इंग्लंडच्या आधीच्या एका राजाची विधवा एम्मा हिच्याशी लग्न केलं, नडणाऱ्यांना कापून काढलं, आणि 1027 मध्ये रोमला जाऊन सम्राटाच्या राज्याभिषेकाला मानाने बसला. असा हिशेबी माणूस समुद्राला दटावायला जाईल का? ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी हंटिंग्डनच्या हेन्री या धर्माधिकाऱ्याने लिहिली. भरती येत असताना राजाने किनाऱ्यावर खुर्ची मांडली, माझ्या जमिनीवर चढू नकोस असं समुद्राला बजावलं, आणि पाय भिजल्यावर मागे सरून म्हणाला, की राजांची सत्ता पोकळ आहे, खरा राजा वर आहे. त्यानंतर त्याने सोन्याचा मुकुट घातला नाही म्हणतात. भाट दरबाऱ्यांची खोड मोडण्यासाठी त्याने हे केलं, ही फोडणी नंतरच्यांनी दिली; हेन्रीच्या मजकुरात ते दरबारी नाहीतच. इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र आज कॅन्यूट म्हणजे बदलाची लाट हुकमाने थोपवू पाहणारा मूर्ख. गोष्टीतली फक्त आज्ञा लोकांनी उचलली, पाय भिजल्यानंतरचं बोलणं किनाऱ्यावरच राहिलं. मला वाटतं याचं कारण साधं आहे: नम्र राजा बोलताना उपयोगाचा नसतो. टोमणा मारायला गर्विष्ठच लागतो.

 

आपली कीर्ती लिहून घेण्याचा खटाटोप वाल्डेमार घराण्याच्या दरबारानेही केला. 1200 च्या आसपास आर्चबिशप अब्सालोन यांच्या प्रेरणेने साक्सो या विद्वानाने लॅटिनमध्ये डेन लोकांचा इतिहास रचला. सोळा खंड, आणि शेवटच्या खंडांत वाल्डेमार, अब्सालोन यांचे पराक्रम सविस्तर. पण तिसऱ्या-चौथ्या खंडांत आमलेथ नावाच्या एका राजपुत्राची दंतकथा आहे: बापाला काकाने मारलं म्हणून वेड पांघरून सूड घेणारा. तो खरोखर होऊन गेला याला काही पुरावा नाही. ती कथा बेलफोरेच्या फ्रेंच पुस्तकातून इंग्लंडला पोचली आणि शेक्सपियरच्या हातून ‘हॅम्लेट’ झाली. आगरकरांनी 1883 मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून तिला मराठीत आणलं. हे नाटक जिथे घडतं तो हेल्सिंगोरचा किल्ला एरिक नावाच्याच आणखी एका राजाने 1420 च्या दशकात सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून जकात वसूल करायला बांधला. आज तिथे प्रवाशांची रीघ लागते ती हॅम्लेटसाठी.