अपवादाचा न्याय

नियम सर्वांना सारखा असावा, हें तत्त्व आपण शाळेंत असल्यापासून ऐकत आलों आहोंत. आणि त्यावर आपली श्रद्धा इतकी दृढ असते कीं, हा सारखेपणा नेमका कशाचा, असें विचारण्याची गरजच आपणांस भासत नाहीं. मी स्वतः सत्तावीस वर्षें महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवीत आलों आहें. परीक्षेला दहा मिनिटें उशिरां आलेला विद्यार्थी रडकुंडीला येऊन दाराशीं उभा राहिला, तर "आज तुला सोडलें, तर उद्यां कोणाला अडवूं?" हा माझा ठरलेला प्रश्न असे; आणि तो विचारतांना आपण प्रत्यक्ष कांटच्या गादीवर बसलों आहोंत, असा एक सूक्ष्म अभिमानही मला वाटत असे. हा अभिमान २०२० सालच्या मे महिन्यांत उतरला. तो उतरविणारा कोणी पंडित नव्हता. तो होता माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, आणि त्याला तेव्हां नववें वर्ष पुरें व्हावयाचें होतें.

हा मुलगा स्वमग्न आहे. स्वमग्नता हा शब्द आतां आपल्याकडे चांगला रुळला आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यांतही या अवस्थेचा स्पष्ट निर्देश आहे. १९४३ सालीं लिओ कॅनर या वैद्यानें अमेरिकेंत अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानें एक गोष्ट विशेषेंकरून नोंदविली: भोंवतालचें जग जसेंच्या तसें राहावें, असा या मुलांना तीव्र ध्यास असतो. सर्वच स्वमग्न मुलें एकसारखीं असतात असें मुळींच नाहीं. पण माझ्या भाच्यापुरतें हें वर्णन तंतोतंत खरें आहे. तो मोजकेंच बोलतो. रोज सायंकाळीं साडेपांच वाजले कीं त्यानें आपले बूट घेऊन उंबऱ्यावर येऊन बसावें, वडिलांबरोबर रेल्वेच्या पुलापर्यंत चालत जावें, जाणाऱ्या गाड्यांचे डबे बोटांनीं मोजावे, आणि घरीं परतून शांतपणें जेवावें, असा त्याचा क्रम होता. वाढदिवशीं या क्रमांत एक भर पडे. पहाटे उठून पुणें स्टेशनावर जावयाचें आणि सव्वासातची डेक्कन क्वीन सुटतांना पाहावयाची. ही गाडी १ जून १९३० रोजीं प्रथम धावली, आणि दर वर्षीं त्या दिवशीं स्टेशनावर तिचाही वाढदिवस हौसेनें साजरा होतो, हें त्याला पक्कें ठाऊक आहे. त्याचा स्वतःचा दिवस त्याच्या चारच दिवस आधीं येतो. पण गाडीचा वाढदिवसच त्याला अधिक खरा वाटत असावा, असा मला संशय आहे.

त्या वर्षीं २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. प्रवासी गाड्या त्यापूर्वींच थांबल्या होत्या. स्टेशन बंद, बागा बंद, पुण्यांत सकाळ-सायंकाळचें फिरणेंही बंद. मे महिन्यांतील आदेशाप्रमाणें पासष्ट वर्षांवरील वृद्धांनीं आणि दहा वर्षांखालील मुलांनीं, अत्यावश्यक अथवा प्रकृतीविषयक कारणाखेरीज, घरांतच राहावयाचें होतें. भाचा मात्र साडेपांचला बूट घेऊन उंबऱ्यावर बसतच होता. विषाणू म्हणजे काय, हें त्याला समजावून सांगणें आम्हांला साधलें नाहीं. आणि ज्या संकटाचें कारणच कळत नाहीं, तें सोसणाऱ्याला अन्यायासारखें वाटत असलें पाहिजे. सहा वाजले कीं तो दारावर डोकें आपटूं लागे, आणि थोड्या वेळानें स्वतःच्या मनगटाचा चावा घेई. मे महिना सरत आला तेव्हां त्याच्या उजव्या मनगटावरचा काळानिळा डाग जाईनासा झाला होता.

अशा स्थितींत त्याचा वाढदिवस जवळ आला, आणि आम्हीं वडीलधाऱ्या मंडळींनीं मिळून एक बेत रचला. त्याच्या वडिलांनीं पुठ्ठ्याचें एक इंजिन केलें, तें दिवाणखान्याच्या निम्म्या लांबीचें होतें. आजीनें श्रीखंडाचा चक्का टांगण्याची तयारी केली. मुंबईच्या आणि परदेशच्या नातलगांनीं संगणकाच्या पडद्यावर एकत्र जमून गाणें म्हणावयाचें ठरलें. पुणें ते मुंबई हा डेक्कन क्वीनचा संपूर्ण प्रवास दाखविणारा एक चित्रपट मीं मिळविला, आणि आपल्या युक्तीवर खूष होऊन रंगीत तालीम म्हणून चार दिवस आधींच त्याला तो लावून दिला. गाडी फलाटावरून हललेली त्यानें पाहिली. मग तो उठला, वडिलांचे बूट आणून त्यांच्या पुढ्यांत ठेवले, आणि दाराशीं जाऊन उभा राहिला. आमचा सारा बेत त्या एका जोडीनें निकालांत काढला.

त्या रात्रीं बहिणीनें मला फोन केला. "दादा, तुझा तो विद्यार्थी आतां मोठ्या हुद्द्यावर आहे ना? त्याच्या कानांवर घाल. एका सकाळीं एक तास. याहून अधिक कांहीं मागत नाहीं मी."

मीं नाहीं म्हटलें. माझीं दोन कारणें होतीं, आणि त्यांतील पहिलें मला आजही खरें वाटतें. वशिल्यानें मिळविलेली सवलत ही ज्याला वशिला नाहीं त्याच्या वाट्यांतून उचललेली असते. दुसरें कारण अधिक बोचरें होतें. थोड्याच दिवसांपूर्वीं, ८ मे रोजीं पहाटे, जालन्याहून पायीं घराकडे निघालेल्या मजुरांपैकीं सोळा जण, तेव्हांच्या औरंगाबादेजवळ, करमाडच्या बाजूला रुळांवर झोपले असतां मालगाडीखालीं सांपडून मेले होते. गाड्या बंद आहेत, या समजुतीनें ते तेथें निजले होते. शहरांतून किती लोकांना आपल्या आईबापांच्या अंत्यविधीलाही जातां येत नव्हतें. अशा दिवसांत आपल्या घरच्या मुलाचा वाढदिवस गोड व्हावा म्हणून सवलत मागावयाची? हें सर्व मीं बहिणीला, वर्गांत सांगावें तसें, क्रमवार सांगितलें.

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "दादा, घरांत राहा हा नियम सर्वांना सारखा आहे, असें तूं म्हणतोस. तुला घरांत तुझीं पुस्तकें आहेत. त्या मजुरांना राहायला घरच नव्हतें. आणि याला घर आहे, पण त्याचें अर्धें घर त्या पुलावर आहे."

फोन ठेवल्यावर मला झोंप आली नाहीं. ज्या सोळा जणांची साक्ष मीं मुलाविरुद्ध काढली होती, ते खरोखर त्याच्याच बाजूचे साक्षीदार होते. 'घरांत राहा' असें लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें जो मनुष्य होता, त्याला घर होतें, घरांत दाणागोटा होता, आणि आपण कां थांबावयाचें हें समजण्याची बुद्धि होती. त्या चित्रांत मजूरही नव्हता आणि हा मुलगाही नव्हता. दोघांच्या दुःखाची तुलना करणें हा अधमपणा होईल. पण दोघेही नियमकर्त्याच्या नजरेबाहेर राहिले होते, हें खरें. नियमाचे शब्द सर्वांना सारखे होते. त्याचें ओझें मात्र कोणाच्या खांद्यावर फुलासारखें, तर कोणाच्या छातीवर धोंड्यासारखें पडलें होतें.

ही गोष्ट मी दर वर्षीं वर्गांत शिकवीत होतों, हें आठवून मला शरम वाटली. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत ती सांगून ठेवली आहे. कायद्याला सामान्य भाषेंतच बोलावें लागतें. म्हणून त्यांत न बसणारें प्रकरण पुढें आलें, तर कायदा करणारा स्वतः येथें हजर असतां तर काय म्हणाला असता, तें आपण म्हणावें. लेस्बॉस बेटांतील गवंडी शिशाची मोजपट्टी वापरीत असत. ती दगडाच्या आकाराप्रमाणें वांके, आणि वांके म्हणूनच त्या दगडाचें खरें माप देई. आपल्याकडेही शांतिपर्वांत आपद्धर्माचें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि लोकमान्यांनीं 'गीतारहस्या'च्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणांत सत्य आणि अहिंसा यांच्यासारख्या थोर नियमांनाही अपवाद कोठें येतात, याचा ऊहापोह केला आहे. फरक इतकाच कीं, आपत्तींत नियम सैल होतात हा जुना अनुभव. २०२० च्या आपत्तींत ते आवळावे लागले. आणि ते आवळणें आवश्यकच होतें, याबद्दल माझ्या मनांत तेव्हांही शंका नव्हती.

पण वांकणारी पट्टी हातीं असली कीं मनुष्य तिनें आपल्याला सोईचें माप घेऊं लागतो, हीही गोष्ट तितकीच खरी. म्हणून त्या रात्रीं मीं स्वतःला दोन प्रश्न विचारले. पहिला: जी सवलत मी मागणार, ती अनोळखी माणसाच्या अशाच मुलाला मिळाली तर मला चालेल काय? मागणी उघड करतां येत असेल, तरच याचें उत्तर होकारार्थी येतें. या प्रश्नासरशीं विद्यार्थ्याला करावयाचा फोन गळून पडला. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: ही गरज मुलाची कीं आमची? या चाळणींतून श्रीखंड, पुठ्ठ्याचें इंजिन, नातलगांचें गाणें, किंबहुना वाढदिवस हा शब्दच खालीं पडला. तो आमचा उत्सव होता. वर राहिला तो फक्त पूल. न्यायानें जेवढें मागतां येत होतें, तेवढेंच त्या मुलाला हवें होतें.

हा पेंच कांहीं एकट्या पुण्याचा नव्हता. स्पेनमध्यें मार्च महिन्यांतच सरकारनें अशा व्यक्तींना सोबत्यासह बाहेर पडण्याची मुभा दिली. इंग्लंडमध्यें दिवसांतून एकदांच व्यायामाला बाहेर पडण्याचा नियम होता. कुटुंबांनीं कायदेशीर हरकत घेतल्यावर ८ एप्रिल रोजीं, ज्यांच्या प्रकृतीला गरज आहे त्यांना अधिक वेळां आणि अधिक दूर जातां येईल, असा खुलासा झाला. स्पेनमध्यें मात्र एक चमत्कारिक प्रकार घडला. सज्जांत उभे असलेले लोक रस्त्यावरच्या आईबापांवर ओरडूं लागले. तेव्हां कांहीं कुटुंबांनीं मुलांच्या दंडाला निळें फडकें बांधलें. इतरांनीं त्यास हरकत घेतली: आमच्या मुलांनीं हक्क बजावतांना खूण कां मिरवावी? मला त्यांची हरकत योग्य वाटते. अपवादाचें कारण अधिकाऱ्याला दाखविणें हें कर्तव्य आहे. तें रस्त्याला दाखविण्याची सक्ति म्हणजे सज्जांतल्या माणसाच्या अविचाराचा दंड मुलाकडून वसूल करणें होय.

दुसऱ्या दिवशीं मी आणि माझे मेहुणे वैद्याचें प्रमाणपत्र व एक अर्ज घेऊन जवळच्या पोलीस चौकीवर गेलों. तेथील अधिकारी रात्रभर जागलेले दिसत होते. त्यांनीं अर्ज दोनदां वाचला.

"सर, वाढदिवसाकरितां मला परवानगी देतां येणार नाहीं," ते म्हणाले. माझा चेहरा उतरला असावा. त्यांनीं प्रमाणपत्रावर बोट ठेवलें. "पण हें प्रकृतीचें कारण आहे, आणि तें आदेशांत बसतें. सकाळीं सहाला जा, अर्ध्या तासांत परत या, कागद खिशांत असूं द्या. आणि एकच दिवस कशाला? रोज न्या त्याला."

आम्ही एका दिवसाची मेहेरबानी मागावयास गेलों होतों. त्या थकलेल्या गृहस्थांनीं, मीं सत्तावीस वर्षें शिकविलेला धडा दोन वाक्यांत सांगून, आम्हांला रोजचा हक्क दिला. वाढदिवस म्हणून मागितलें असतें तर तें दान ठरलें असतें, आणि दान एका दिवसांत संपतें.

वाढदिवशीं सकाळीं आम्ही पुलावर गेलों. डेक्कन क्वीन येणार नव्हती, आणि भाचा काय करील याची आम्हां सर्वांना धास्ती होती. दहा मिनिटांनीं एक मालगाडी आली. त्यानें कठड्याच्या गजांतून बोट बाहेर काढलें आणि वाघिणी मोजूं लागला. शेवटची वाघीण गेल्यावर तो "पंचेचाळीस" एवढेंच म्हणाला, आणि आपण होऊन घराकडे वळला. तो हंसला नाहीं. आनंदाची आमची खूण त्याला लागू नाहीं. पण त्या दिवशीं त्यानें पोटभर जेवून घेतलें, आणि सायंकाळीं दार वाजलें नाहीं. मालगाडी पुलाखालून जात असतां माझ्या डोळ्यांपुढें मात्र ते रूळ होते, ज्यांवर सोळा माणसें विसांव्याला टेकलीं होतीं. त्यांच्यासाठीं कोणीं कोणत्या चौकीवर जावयास हवें होतें, या प्रश्नाचें उत्तर मला त्या सकाळीं देतां आलें नाहीं, आणि आजही देतां येत नाहीं.

३ जूनपासून राज्यांत सर्वांनाच पहाटे पांचपासून मोकळ्यावर फिरण्यास परवानगी मिळाली, आणि आमच्या खिशांतल्या कागदाचें काम संपलें. बूट मात्र तोंवर सकाळीं उंबऱ्यावर येऊं लागले होते.

परीक्षेच्या दिवशीं मी आजही दारांत उभा राहतों. उशिरां येणारा येतोच. त्याला आंत घेतोंच असें नाहीं, पण "उद्यां कोणाला अडवूं?" हा माझा प्रश्न मीं मागें घेतला आहे. हल्लीं मी आधीं "काय झालें?" असें विचारतों, आणि उत्तर पुरें ऐकून घेतों.