धमकी आणि कृति

शाळेंतील एखादा मुलगा रागाच्या भरांत सोबत्यास "तुला जिवंत ठेवणार नाहीं" असें म्हणाला, तर त्यास भावी खुनी समजावें काय? ह्यावर दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, गर्जेल तो पडेल काय. पोरांचें बोलणें मनावर घेऊं नये. दुसरा म्हणतो, शब्द हाच कृतीचा अंकुर. तो दिसतांच खुडावा. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें विचाराचे श्रम टाळणारीं आहेत.

अमेरिकेस हे श्रम टाळतां आले नाहींत. २० एप्रिल १९९९ रोजीं कोलोराडो राज्यांतील कोलंबाइन हायस्कुलांत दोन विद्यार्थ्यांनीं गोळ्या झाडल्या. त्या दिवशीं बारा विद्यार्थी व एक शिक्षक प्राणांस मुकले. पुढें तेथील सीक्रेट सर्व्हिस व शिक्षणखातें ह्यांनीं १९७४ ते २००० ह्या काळांतील अशा ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ सालीं अहवाल काढला. बहुतेक हल्लेखोरांनीं आपल्या लक्ष्यास आधीं धमकी दिलेली नव्हती. परंतु दर पांचांपैकीं सुमारें चार हल्ल्यांचा बेत दुसऱ्या कोणास तरी, बहुधा बरोबरीच्या मुलास, ठाऊक होता. तात्पर्य, धमकी देणें निराळें व घातक असणें निराळें. म्हणूनच व्हर्जिनिया विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल ह्यांनीं क्षणिक धमकी व खरी धमकी असा भेद केला. खुलासा होऊन किंवा क्षमा मागून मिटते ती क्षणिक. जिच्या मागें बेत किंवा हत्यार मिळविण्याची खटपट दिसते ती खरी.

परंतु हा भेद करावयास बातमी आधीं वडीलधाऱ्यांच्या कानीं आली पाहिजे, आणि खरा नैतिक प्रश्न येथेंच आहे. १९९० नंतरच्या दशकांत तेथील पुष्कळ शाळांनीं 'तिळमात्र गय नाहीं' हें धोरण स्वीकारलें. शब्द तोंडांतून निघाला कीं मुलगा शाळेबाहेर! अशा शाळेंत मित्राचें बोलणें गुरुजींस कळविणें म्हणजे मित्राचा नाश करणें होय. विद्यार्थी त्यास चहाडी म्हणतात, व त्या परिस्थितींत त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नसतें. चहाडी दुसऱ्यास शिक्षा व्हावी म्हणून केली जाते. इशारा दोघांनाही वांचविण्यासाठीं दिला जातो. मुलाचें सांगणें ह्यांपैकीं काय ठरतें, हें शाळा पुढें कशी वागते ह्यावर अवलंबून असतें. २००६ ते २०१८ ह्या काळांत वेळींच उधळल्या गेलेल्या ६७ कटांविषयींचा अहवाल २०२१ सालीं निघाला; त्यांतही सहाध्यायांनीं दिलेल्या खबरीचें महत्त्व ठळकपणें दिसून आलें.

ह्यावर कोणी म्हणेल, सौम्यपणामुळें एखादा खरा घातकी निसटला तर? शंका रास्त आहे. परंतु शाळेबाहेर घालविलेला मुलगा घातकी नाहींसा होतो असें थोडेंच आहे? तो केवळ दृष्टीआड होतो, आणि मनांतील सल बरोबर नेतो. प्रत्येक धमकीची चौकशी व्हावी. शिक्षा मात्र चौकशींत जें आढळेल त्याच्या मानानें व्हावी. चौकशी करणाराची चूक होऊं शकेल, हें ओझें शिक्षकानें पत्करलेंच पाहिजे. तें नियमावर टाकून मोकळें होतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं.