चुकण्याची जबाबदारी

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरचे, देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधले लहानसे स्टेशन. वैशाखात दुपार कलली, की या बाजूला वळवाचे ढग जमतात. आभाळ काळवंडले, की अम्मी वाळवण आत घ्यायची. पाऊस पुष्कळदा यायचाच नाही. मी हसलो, की म्हणायची, "पुढचं अल्लाह जाणे, पण पापड माझे आहेत."

हे आठवले ते निसर्ग चक्रीवादळामुळे. ३ जून २०२० रोजी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुंबई बचावली आणि तिथे हवामान खात्याची थट्टा सुरू झाली. त्याच दिवशी श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घाट ओलांडून आलेल्या वाऱ्याने मावळातली फुलशेतीची पॉलिहाऊस फाडली. इशारा खरा होता. बचावलेल्यांना तो खोटा वाटला.

तरी चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते; उपग्रहाला ते काही दिवस आधी दिसते. टोर्नेडोचे तसे नाही. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटर, आयुष्य बहुधा काही मिनिटांचे. गडगडाटी ढग आतून फिरू लागल्याचे डॉप्लर रडार दाखवते; पण अशा बहुतेक ढगांतून टोर्नेडो उतरतच नाही. नेमका कशातून उतरेल, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. अमेरिकेत इशारा मिळतो तो सरासरी दहा-पंधरा मिनिटे आधी, आणि दहांतले सुमारे सात इशारे फुकट जातात.

मग ज्याला अर्धेच कळले आहे, त्याने बोलावे की गप्प राहावे? लोक घाबरतील म्हणून अमेरिकेच्या सरकारी अंदाजांत 'टोर्नेडो' हा शब्दच अनेक दशके टाळला जात होता. २५ मार्च १९४८ रोजी फॉबुश आणि मिलर या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी ओक्लाहोमातल्या टिंकर तळासाठी तो इशारा देण्याचे धाडस केले. त्याच संध्याकाळी टोर्नेडो तळावर आला. तो आला नसता, तर त्यांचे हसे झाले असते. पण म्हणून त्यांचे बोलणे चूक ठरले असते काय?

वारंवार फसणारे इशारे लोकांचा विश्वास खातात, हे खरे. त्यावर उपाय मौन नव्हे. आपली खात्री किती, हेही सांगणे हा आहे.

गैब जाणण्याचा दावा माणसाने करू नये. पण जे थोडे कळले, ती अमानत आहे. स्वतःची अब्रू जपण्यासाठी ते दडवणे ही खयानत होय. आणि ऐकणाऱ्यानेही, आपण वाचलो म्हणून सांगणाऱ्याला हसू नये. पाऊस आला नाही त्या दिवशीही अम्मी चुकली नव्हती, हे समजायला मला फार वर्षे लागली.