कारण आणि कारणं

ड्रोन पडला सकाळी ७:४२ ला, सांगली जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडात. दहा वाजता त्याचा लॉग माझ्याकडे आला. सोबत ऑपरेशन्सच्या साहेबांची एक ओळ होती: ‘पायलटने स्टिक पूर्ण ओढली. कन्फर्म कर.’

मी कन्फर्म केलं की दुरुस्तीचा खर्च पायलटच्या पगारातून जाणार होता. पोरगा बावीस वर्षांचा. फोनवर म्हणाला, “सर, तो आधीच कलला हो. स्टिक मी नंतर ओढली.” साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “कारणं सगळेच सांगतात.”

मी पुण्यात बसून ड्रोनचं सॉफ्टवेअर लिहितो. लॉग म्हणजे ड्रोनची रोजनिशी. किती कलायला सांगितलं, प्रत्यक्षात किती कलला, कुठल्या मोटरला किती जोर लावायचा हुकूम गेला, बॅटरी, कंपनं, पायलटची स्टिक, हे सगळं सेकंदाला निदान दहा वेळा लिहिलं जातं.

पहिली पायरी ठरलेली: मागितलेला कल आणि झालेला कल या दोन रेषा एकमेकींवर ठेवायच्या. सगळं ठीक असेल तर त्या चिकटून चालतात. इथे एका जागी त्या फाटल्या होत्या. त्याच क्षणी तीन नंबरच्या मोटरचा हुकूम चढत चढत कमाल मर्यादेला टेकला होता. म्हणजे कंट्रोलर तो कोपरा उचलायला बघत होता आणि तिकडून जोरच मिळत नव्हता. सहा मोटरींचा ड्रोन एक मोटर गेली तरी कधीकधी सावरतो. पण टाकीत दहा लिटर औषध असताना बाकीच्या पाच मोटरींना ते झेपलं नाही. स्टिक हलली ती या सगळ्यानंतर, अर्ध्या सेकंदाने.

पोरगा खरं बोलत होता.

इथेच ‘कारण: मोटर’ लिहून मोकळं होता आलं असतं. पण मोटर उगाच जात नाही. मी आधीच्या तीन फ्लाइट्स उघडल्या. आमचा कंट्रोलर आर्दूपायलटवर चालतो. तिथे कंपनं ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असली तर सहसा चालतात, ६० च्या वर गेली तर जवळपास नक्कीच गडबड असते. आमचे आकडे होते १८, २७, ४१. पडलेल्या ड्रोनचे फोटो मागवले. तिसऱ्या फोल्डिंग आर्मचा क्लॅम्प सैल, आणि मोटरची वायर कनेक्टरपाशी झिजून तुटलेली.

क्लॅम्प तपासल्याची टिक चेकलिस्टवर होती, पायलटचीच. म्हणजे फिरून खापर त्याच्यावरच? पण त्याला रोज पंचवीस एकरांचं टार्गेट होतं, ते लॉगमध्ये नव्हतं. आणि ४१ ला ॲपने त्याला वॉर्निंग का दिली नाही? याचं उत्तर मला माहीत होतं. ‘वॉर्निंग फार येतात’ अशी तक्रार होती, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच लिमिट ३० वरून ६० केली होती. एका ओळीचा बदल. कमिटवर माझं नाव.

पायलटची बोटं सेकंदाला दहा वेळा नोंदली जातात. टार्गेट ठरवणाऱ्याची नोंदली जात नाहीत, आणि माझीही त्या फाईलमध्ये नव्हती. लॉग खोटं बोलत नाही. पण काय नोंदवायचं हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि दोष शोधणारा नोंदलेल्यातच शोधतो. आपल्या भाषेत तर एकाच शब्दाची दोन रूपं आहेत: वरच्याने सांगितलं की ते ‘कारण’, खालच्याने सांगितलं की ती ‘कारणं’.

विमान अपघातांच्या तपासासाठी आयकाओचं ॲनेक्स १३ आहे. ते म्हणतं, तपासाचा हेतू एकच, पुढचे अपघात टाळणं. दोष वाटणं नाही. मला हे पूर्वी बुळबुळीत वाटायचं. सगळेच थोडेथोडे जबाबदार म्हटलं की कुणीच जबाबदार नाही, असं वाटायचं. आता वाटत नाही. जबाबदारी म्हणजे हॉटेलचं बिल नव्हे, की वाटून घेतलं की प्रत्येकाचं कमी होईल. क्लॅम्प न बघणं त्याच्याकडे पूर्ण राहतं, लिमिट वाढवणं माझ्याकडे पूर्ण राहतं. फक्त ‘कुणी केलं’ विचारणारा पहिला माणूस सापडला की थांबतो. ‘परत होऊ नये म्हणून काय’ विचारणाऱ्याला पुढे जावंच लागतं, अगदी स्वतःपर्यंत.

रिपोर्टमध्ये ‘कारण’ या नावाचा एकच चौकोन होता. त्यात मी क्रमाने पाच ओळी लिहिल्या. पाचवी माझ्या कमिटची. ती मी एकदा खोडली होती, हेही खरं.

पगार कापला गेला नाही. लिमिट परत ३० झाली. टार्गेट आहे तेवढंच आहे.

आठवड्याने पोराचा फोन आला. आभार मानून झाले, तरी तो फोन ठेवेना. मग म्हणाला, “सर, एक सांगू? क्लॅम्प मी त्या दिवशी बघितलाच नव्हता. नुसतीच टिक केली. रोजच करतो.”

पैसे कापले जाणार असते, तर हे मला कधीच कळलं नसतं.