पाहण्याचा अधिकार

दुसऱ्याचे घर नुसते पाहिल्याने आपण त्याच्यापासून काही हिरावून घेतो काय? प्रश्न ऐकून वाचकांपैकी अनेकांना हसू येईल. पाहिल्याने भिंत झिजत नाही, कौले फुटत नाहीत, मग घेतले जाते ते काय? तरीही पणजीच्या फोन्तेन्हास वस्तीतील काही घरांच्या दारांवर अलीकडच्या वर्षांत ‘कृपया छायाचित्रे काढू नयेत’ अशा पाट्या लागल्या आहेत. आपले घर सुंदर दिसावे म्हणून दरवर्षी रंग देणारा माणूसच ते पाहू नका असे सांगू लागतो, तेव्हा त्या विसंगतीचा विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

आल्तिनो टेकडीचा पायथा आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर ही वस्ती आहे. मोझांबिकमध्ये धन मिळवून परतलेल्या एका गोवेकराच्या नारळीच्या बागायतीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची सुरुवात झाली. टेकडीतून पाझरणाऱ्या झऱ्यावरून तिला नाव मिळाले. पुढे १८४३ साली पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला आणि कारकून, वकील, व्यापारी यांची घरे येथे दाटीने उभी राहिली. गोव्याच्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांना पुढे अंगण असते आणि बसावयास ‘बाल्कांव’ असतो, म्हणजे रस्ता आणि घर यांच्यामध्ये थोडा श्वास असतो. येथे जागाच नव्हती. त्यामुळे घराचे जोते थेट गल्लीला टेकलेले, खिडकी हाताच्या अंतरावर आणि उंबरठा हीच एकमेव सीमा. आजच्या तक्रारीचे बीज या रचनेतच आहे, असे आमचे मत आहे.

भिंती जांभ्या दगडाच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा, आणि त्यावर निळा, पिवळा, गेरूचा तांबडा असे रंग. कडा तेवढ्या पांढऱ्या. पांढरा रंग देवळांसाठी राखलेला होता आणि इतर घरांनी पावसाळा सरल्यावर रंग द्यावा असा पोर्तुगीज काळचा दंडक होता, असे जुनी माणसे सांगतात. दंडक असो वा नसो, व्यवहाराची गरज मात्र खरी आहे. चुना पावसात धुपतो, तो दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. हा कंटाळा चुकवण्यासाठी सिमेंटचा गिलावा केला की आत मुरलेली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून खचू लागते. काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या आहेत. त्यांतून उजेड दुधासारखा गाळून येतो, पण आतले माणूस बाहेरून दिसत नाही. जुन्या सुतारांना शेजारधर्म किती बारकाईने कळत होता!

या वस्तीची खरी ओळख सकाळी होते. वाहनांची वर्दळ सुरू झालेली नसते. सायकलवरच्या पदेराच्या भोंप्याचा आवाज गल्लीच्या एका टोकाकडून येतो. पाव घेण्यासाठी एखादे दार अर्धवट उघडते. दोन शब्द होतात आणि दार पुन्हा लागते. कोणी उंबऱ्यापुढचा भाग झाडून घेत असते. निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिरातील घंटेचा नाद येतो. ती घंटा मूळची जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची, १८७१ साली ती पणजीस आली. वरच्या मळ्याच्या अंगाला मारुतीचे देऊळ आहे. तिथली जागही याच सकाळीची असते.

ही शांतता नुसती गोंगाटाचा अभाव नव्हे. ती तेथील माणसांनी एकमेकांसाठी राखलेली असते. शेजारी आजारी आहे, पलीकडच्या घरात मूल झोपले आहे, हे ठाऊक असणारी माणसे आवाज खाली ठेवतात. मोठ्या आवाजात हसत, वधूवरांची छायाचित्रे काढण्यासाठी दुसऱ्याच्या पायरीवर कपड्यांच्या पेट्या मांडणारे लोक आले म्हणजे ती मोडते. त्यांनी वस्तू घेतलेली नसते हे खरे. दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या मालमत्तेच्या लोभाविषयी आहे. डोळ्यांनी उचलून नेलेल्या गोष्टीचे काय? आमच्या मते चूक पाहण्यात नाही. समोरचे घर राहते आहे, त्यात कोणी कालच्या दुःखासह उठले आहे, हे विसरून त्याची पार्श्वभूमी करण्यात ती आहे. पाहताना माणूस दिसेनासा झाला की पाहणे उचलेगिरी होते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. रस्ता सर्वांचा आहे. रंग देणाऱ्याने तो रस्त्याकडील भिंतीला दिला, तेव्हा लोकांनी पाहावे अशी त्याचीही इच्छा होतीच. शिवाय घर उभे ठेवण्यास पैसा लागतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला. त्यानुसार अर्धी मिळकत वारसांसाठी राखीव असते आणि मुलगा-मुलगी असा भेद नसतो. न्याय म्हणून हे उत्तमच. पण तीन पिढ्यांनंतर एका घराला डझनावारी वारस होतात, कोणी लिस्बनला, कोणी लंडनला, कोणी मुंबईला. सर्वांची संमती मिळेपर्यंत छप्पर थांबत नाही. अशा काही वास्तू पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यामुळेच वाचल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कुलूपबंद गल्लीतही सकाळी आवाज नसतो. तिला शांत म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. वसईच्या वाड्यांतही अशी दारे आता दिसू लागली आहेत.

वस्तीच्या टोकाला संत सेबास्तियनचे कपेल आहे, १८८० सालचे. त्यातील क्रूसावरचा ख्रिस्त सहसा आढळत नाही असा आहे: मस्तक झुकलेले नाही, डोळे उघडे आहेत. हा क्रूस जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, ते न्यायपीठ गोव्यात चालले. ते बंद झाल्यावर क्रूस पणजीच्या राजवाड्यात गेला आणि १९१८ साली येथे आला. आरोपीच्या मनात धाक बसावा म्हणून डोळे उघडे ठेवले, असे सांगतात. आपल्या धर्मसभेच्या इतिहासातील ते पान आहे आणि ते झाकून हा क्रूस पाहता येणार नाही. त्या दालनात ख्रिस्ताच्या दृष्टीलाही माणसे भयभीत करण्याच्या कामी जुंपले गेले. पाहण्याचा याहून मोठा दुरुपयोग आम्हांस सुचत नाही.

तेच डोळे आज पाव घेऊन घरी परतण्यापूर्वी गुडघे टेकणाऱ्या वृद्धेकडे पाहत असतात. ती त्यांना घाबरत नाही. दिवस चढल्यावर छायाचित्रासाठी येणाऱ्यांना मात्र अनेकदा कपेलाचे दार बंद आढळते. ते सकाळच्या मिस्सेला उघडते.