चौकट सरळ, तर दार सरळ

 

पावसाळा आला की लिंबायत, उधना, पांडेसऱ्यात आपली बाहेरची लाकडी दारं फुगतात, घासतात. आपण रंधा मारतो, वर रंग देतो. पण चौकटीच्या पायाशी कोण बघतं? ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सुटलं, तापीमाय सुरतेच्या घराघरांत शिरली. अशा पाण्यात भिजलेली चौकट वरून चकचकीत दिसते, आतून भुसा झालेली असते.

दार स्वतःच्या हाताने बदलायला घेतलं की कळतं. आधी कुजकी चौकट काढायची. नवी उभी केली की दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. सारखे भरले तर चौकट गुण्यात. मग ओळंबा सोडायचा. होल्डफास्ट सिमेंटात पक्के झाले की मगच दार टांगायचं. चौकट तिरकी असेल, तर सागवानी दारही घासणारच.

संसाराचंही तसंच आहे. सुनेशी पटेना, भाऊ बोलेना, की आपण माणसालाच रंधा मारायला निघतो! चौकट म्हणजे आपलं रोजचं वागणं: नाम, खरं बोलणं, एकत्र जेवण. गुरुवचन हा ओळंबा. तो घरात कुणाचीच बाजू घेत नाही.

आणि दार नुसतं बंद करायला नसतं. पुरात खालच्या मजल्याचं बिऱ्हाड वर येतं, तेव्हा दार उघडणं हीच पूजा.

या गुरुवारी उंबरठ्यावर हळदी-कुंकू वाहताना स्वतःला विचारूया, ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्यासाठी आपलं दार उघडतं का? त्याला आजच फोन करूया.

जय गुरुदेव 🙏